उलटा दहा

मोहर्ली, १४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सा. नमस्कार.

हे पत्र स्पेनच्या एका जोडप्याजवळ देत आहे. ते आमच्या रिसॉर्टमध्ये उतरले आहेत. उद्या सकाळची सफारी करून ते नागपूरला आणि तिथून त्यांच्या देशात जातील. पाकिटावर इंग्रजीत ‘प्रफुल, इंडियन हॉटेल, स्पेन’ इतकंच लिहिलं आहे. तू तिकडे इंडियन हॉटेलात कामाला आहेस एवढंच ऐकलं आहे, याहून जास्त पत्ता माझ्याजवळ नाही. स्पेलिंग तीनदा तपासलं.

तुझी पाकिटं मिळतात. पोस्टाचे मुखरूभाऊ आणून देतात. आत पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक नाणं, बाकी काही नाही. पाकिटावर तिकीट आणि शिक्का भारतातलाच असतो, कधी दिल्लीचा, कधी हैदराबादचा. मुखरूभाऊ म्हणतात, इकडे येणारा कोणी भेटला की तू त्याच्या हाती देत असशील आणि तो इथे उतरून पेटीत टाकत असेल. अक्षर मात्र तुझंच आहे, त्यात शंका नाही. तू दर वेळी ‘मोहर्लि’ लिहितोस. मी लहानपणी तुझ्या वहीतल्या वेलांट्या दुरुस्त करायचो म्हणून तू मला वेलांटी म्हणायला लागलास आणि सगळं गाव म्हणायला लागलं. पण तू काही सुधारला नाहीस. आता सुधारू नकोस. त्याच चुकीवरून मी तुला ओळखतो.

पहिलं नाणं आलं तेव्हा आईला ते दहाचंच वाटलं. ती ते घेऊन किराणा दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, खरा दहाचा घ्यायलाच लोक कुरकुर करतात, हा तर उलटा आहे. दहाच्या नाण्याला पिवळी कड आणि मध्ये पांढरं, याला पांढरी कड आणि मध्ये पिवळं. तेव्हापासून आपल्या घरात त्याचं नाव उलटा दहा. दोन युरो असं कोणी म्हणत नाही.

त्या पहिल्या नाण्यावर रानगवा होता. हजारो वर्षांपूर्वी कोणी तरी गुहेच्या भिंतीवर काढलेलं चित्र आहे ते, असं मी मोबाईलवर वाचलं. गेटवरच्या आपल्या गाईड राजदीपला दाखवलं तर तो म्हणाला, ‘पाह्य, पोट्टा तिकडं जाऊनबी गवाच दाखवून राह्यला.’ वाघ नाही दिसला तर पाहुण्यांना गवा दाखवून तू कसं पटवायचास, ते राजदीप नव्या गाईडना अजून सांगतो.

नंतर सिंहांच्या कारंज्याचं आलं, तेही स्पेनचंच, म्हणून हे पत्र स्पेनला. माझ्या हिशेबाने तू तिथे बराच काळ होतास. नंतर जर्मनी, दोन उंच मनोऱ्यांचं चर्च. दिवाळीच्या आधी माल्टा, त्यावर दगडांचं फार जुनं देऊळ. माल्टाचे पाहुणे कधी येतच नाहीत. म्हणून स्पेनवाल्यांना विनंती केली आहे की तिथल्या हॉटेलात विचारा, प्रफुल कुठे गेला.

नाणी माझ्या जुन्या कंपासपेटीत ठेवली आहेत, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकमध्ये. कडेनेच धरतो. पुसत नाही, पुसल्याने झळाळी जाते असं वाचलं आहे.

आता मुख्य. दादा, आपलं आंबेडोह गाव वाघांसाठी जंगलातून उठणार आहे. मे महिन्याच्या आत. भद्रावतीकडे रस्त्यालगत वसाहत तयार होत आहे. बाबांनीही सही केली. ज्या गोष्टीसाठी तू ग्रामसभेत हात वर केलास आणि बाबांनी तुला सगळ्यांसमोर मारलं, ती गोष्ट आता तेच करत आहेत. त्या दिवशी ते काय म्हणाले होते ते तुला आठवतच असेल. ‘या दारात पाय ठेवू नको. तुया एक शब्दबी या घरात नाई पाह्यजे.’ तू शब्द न पाठवता नाणं पाठवतोस, ते मला पहिल्याच पाकिटात समजलं.

तुझा जुना नंबर लागत नाही. फेसबुक बंद आहे. गाव उठायच्या आधी तुला हे कळलं पाहिजे. बाबा तुझं नाव काढत नाहीत. तब्येत ठणठणीत आहे.

तुझा,
वेलांटी


मोहर्ली, १९ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. नमस्कार.

हे पत्र इटलीच्या पाहुण्यांजवळ देतो. नकाशात माल्टा इटलीच्या पायाखाली आहे, म्हणून त्यातल्या त्यात जवळ. पाहुणा हसला, पण पत्र खिशात ठेवलं. स्पेनवाल्यांकडून काही उत्तर नाही. ते तिथे हॉटेलं शोधत फिरले असतील असं मला वाटत नाही. मी त्यांना दोष देत नाही.

गावात मोजणी झाली. घरांवर आकडे टाकले. आपल्या घरावर ज्याने आकडा टाकला त्याने तो तिरका लिहिला, मी त्याला सांगितलं, तो म्हणाला पाडायच्याच घराला सरळ कशाला पाहिजे.

नव्या जागेवर बोर्ड लागला आहे, ‘नविन आंबेडोह’. मी ग्रामसेवकांना म्हणालो की व-ला दुसरी वेलांटी पाहिजे. ते म्हणाले, तू दहावी तरी झाला का? झालो नाही, हे त्यांना माहीत आहे. बोर्ड तसाच आहे.

बाबांबद्दल मागे लिहिलं ते जरा दुरुस्त करतो. ते तुझं नाव काढत नाहीत हे खरं. पण मुखरूभाऊंची सायकल नाल्याजवळ दिसली की ते काही ना काही काढून बाहेर येतात. कुऱ्हाडीला धार लावतात, धार असते तरी. मुखरूभाऊ पुढे गेले की म्हणतात, ‘उलटा दहा नाई आला वाटते.’ आई म्हणते, ‘तुमाले काय करायचं, तुमी तं शब्द बंद केला.’ ते म्हणतात, नाणं काय शब्द आहे?

परवा ते आलं. त्यावर नाचणाऱ्या मुली आहेत आणि LIETUVA असं लिहिलं आहे. हा कोणता देश ते मला समजलं नाही, राजदीपने शोधून लिथुआनिया सांगितलं. तिथे गाण्यानाचाचा मोठा उत्सव असतो, त्याचं नाणं. बाबांनी मला भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला युरोपचा नकाशा काढायला लावला. स्पेन, जर्मनी, माल्टा, लिथुआनिया अशी टिंबं मी दिली. ते बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, ‘लय फिरून राह्यला बाप्पा. एका जागी पाय ठरत नाई त्याचा.’ पण आवाज रागाचा नव्हता. कुठल्या तरी शहाण्या मुलाबद्दल बोलावं तसा होता.

तुला आठवतं ना, वाघांच्या गणतीच्या वेळी ते वनखात्याकडे रोजीवर जात आणि पाऊलखुणांत प्लास्टर ओतून ठसे काढत. ते ठसे अजून माळ्यावर आहेत. आता गणती कॅमेऱ्याने होते. पण नकाशाकडे ते तसेच पाहतात, नाल्याच्या रेतीकडे पाहायचे तसे. जर्मनीहून माल्टाला कोणत्या वाटेने गेला असेल, मध्ये डोंगर आहे का, असं विचारतात.

लिथुआनियात थंडी फार आहे म्हणे. अंगावर चांगलं घालत जा.

तुझा,
वेलांटी


आंबेडोह, २ मार्च २०२५

ती. दादास,

आज काय लिहावं ते समजत नाही, पण लिहितो.

रिसॉर्टमध्ये जर्मनीची एक म्हातारी मॅडम आली आहे. एकटीच असते, पक्षी पाहते. काल नाश्त्याला मी तिला कंपासपेटी दाखवली आणि राजदीपला म्हणालो, विचार, या चर्चच्या गावात इंडियन हॉटेल आहे का, माझा भाऊ आधी तिथे होता. तिने सगळी नाणी नीट पाहिली. मी सांगायच्या आधीच कडेने धरली. मग राजदीपला काही तरी विचारलं. राजदीप म्हणाला, ‘ते विचारते का तुया भाऊ तिथी होता हे तुले कसं मालूम?’ मी म्हणालो, नाण्यावर लिहिलं आहे.

मग तिने पर्स उघडून चिल्लर टेबलावर ओतली. नाणी पालथी होती ती सुलटी करून माझ्यासमोर मांडली आणि एकेकावर बोट ठेवून देशाचं नाव सांगितलं. फिनलंड. ग्रीस. इटली. स्पेन. पोर्तुगाल. ही सगळी तिला तिच्याच गावात मिळालेली मोड होती, पाव घेताना. ती पोर्तुगालला आयुष्यात गेलेली नाही.

दादा, मला वाटलं होतं स्पेनचं नाणं स्पेनमध्ये चालतं. आपला रुपया आपल्यात, तसं. चित्र ज्या देशाचं त्या देशात ते खर्च होणार, याबद्दल मला कधी शंकाच आली नाही. नाणी तिकडे पाण्यासारखी वाहतात. तू स्पेनला कधी गेलाही नसशील. पहिल्या दिवसापासून एकाच हॉटेलच्या एकाच मोरीवर भांडी घासत असशील, आणि गल्ल्यात चित्राचं नाणं आलं की आमच्यासाठी बाजूला काढत असशील.

मॅडमने माझ्या हातावर हात ठेवला. राजदीप दुसरीकडे पाहू लागला. त्याला मस्करी करायला इतकं चांगलं कारण कधी मिळालं नव्हतं, पण त्याने केली नाही.

मी घरी आल्यावर सांगणार नव्हतो. पण बाबांनी मला पाहिलं आणि विचारलं, म्हणून सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, ‘ठसा जनावर कुठून गेलं ते सांगते. कुठी हाये ते कधी सांगत नाई. मले समजाले पाह्यजे होतं.’ मी म्हणालो, चूक माझी आहे. ते म्हणाले, ‘तुयी कायची? तुले जंगल कुठी मालूम हाये?’

जेवण अर्धं ठेवून उठले. नकाशाचं कॅलेंडर उलटं करून भिंतीला टांगलं. आता तिथे मागच्या वर्षीचा डिसेंबर आहे.

त्यांची तब्येत ठणठणीत नाही, तेही लिहून टाकतो. छाती भरते. चंद्रपूरला नेलं होतं, औषध चालू आहे.

हे पत्र मॅडमजवळ देतो. पाकिटावर देशाचं नाव लिहिलेलं नाही. तिला वाटेल तिथे तिने टाकावं.

वेलांटी


आंबेडोह, २७ एप्रिल २०२५

दादा,

हे पत्र कोणाजवळ देणार नाही. कोणाजवळ द्यायचं ते मला माहीत नाही.

निम्मं गाव गेलं. रोज ट्रक येतात. लोक छपराचे कवेलू, लाकडी बल्ल्या, दारांच्या चौकटी सगळं काढून नेतात. मागून यंत्र येऊन भिंती पाडतं. वनखात्याचे लोक म्हणतात, इथे गवत लावणार, हरणं येतील. जिथे घरं पाडली तिथे आता नाल्यापर्यंत सरळ दिसतं. आधी कधी दिसत नव्हतं.

आपला ट्रक परवा आला. सामान भरलं. बाबा दारात बसले ते उठले नाहीत.

आम्हाला वाटलं, घर सोडवत नाही म्हणून. सगळ्यांचं तसंच झालं होतं, बायका रडून निघाल्या होत्या. पण बाबा रडत नव्हते. ट्रकवाला चिडला, आई बोलली, शेजारी बोलले. शेवटी मी राजदीपला फोन केला. तो मोहर्लीहून आला. त्याचं ते ऐकतात. त्याने शेजारी बसून विचारलं, काका, काऊन अडून बसले?

बाबा म्हणाले, ‘तो येईन तं कुठी येईन?’

कोण, हे कोणी विचारलं नाही.

राजदीप म्हणाला, ‘काका, तो गेटवर विचारन ना. आमी हाओत, सांगू त्याले.’

‘तो विचारनार नाई,’ बाबा म्हणाले. ‘माया पोरगा हाये. मागच्या वाटेनं येईन, नाल्यातून. इथी गवत पाहीन आन् आल्या पावली जाईन. म्हनन, मले न सांगता गेले.’

दादा, मला तुझा स्वभाव आठवला. तू तसंच करशील.

ट्रक सामान घेऊन गेला. आम्ही तिघं रिकाम्या घरात राहिलो. मला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून कंपासपेटी उघडून नाणी पाहत बसलो. बाबा जवळ आले. इतक्या दिवसांत त्यांनी एकाही नाण्याला हात लावला नव्हता. गव्याचं नाणं उचललं, बोटाने पाठ चाचपली. म्हणाले, ती जर्मनीची बाई म्हणाली ना, हे तिकडे सगळीकडे फिरते? मी म्हणालो, हो. ‘मंग हे वापस तिकडं गेलं, तं त्याच्या हाटेलात जाऊ शकते का?’

मी म्हणालो, बाबा, करोडो नाणी आहेत तिकडे.

‘जाऊ शकते का नाई, तेवढं सांग.’

जाऊ शकतं, मी म्हणालो.

‘मंग आपला ठसा सोडू.’

माळ्यावर जुन्या ठशांबरोबर प्लास्टरची अर्धी पिशवी होती. दगड झालेला भाग फोडून त्यांनी आतलं बारीक पीठ काढलं, कालवलं आणि नाणं हलू नये म्हणून त्यात अर्धं बसवलं. प्लास्टर जराही सांडलं नाही. मी पेटीतलं कर्कटक घेतलं. पूर्ण पत्ता मी कागदावर तयार ठेवला होता, चार ओळींचा, पिनकोडसकट. नाण्यावर तो कसा मावणार याचा विचार करत होतो.

बाबा म्हणाले, ‘येवढं नको. ये लिही.’

मी विचारलं, नुसतं ये?

‘ये.’

आई चुलीच्या जागेजवळ बसली होती. म्हणाली, ‘एक शब्द नाई पाह्यजे म्हनत होते. आता एकच निंगाला बुढ्याच्या तोंडातून, पाच वर्सानं.’ बाबा तिच्यावर ओरडले नाहीत.

गव्याच्या पाठीवर ये लिहिला. दुसऱ्या बाजूला, जिथे त्यांचा नकाशा आहे, तिथे मी ‘नवीन’ लिहिलं. आंबेडोह मावलं नाही. वेलांटी दुसरी दिली आहे. बोर्डावर पहिली आहे, त्यामुळे हे मीच लिहिलं हे तुला कळेल. एवढ्यावरून बाकीचं कळेल का, मला माहीत नाही. सिंहांवर, चर्चवर, देवळावर आणि नाचणाऱ्या मुलींवरही तेच लिहिलं. ज्या नाण्यांना मी कधी साधा फडकाही लावला नव्हता त्यांवर टोकाने ओरखडलं. ते करताना मला वाईट वाटलं नाही, याचं आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा निघायला तयार झाले, एका अटीवर. दाराची चौकट काढून सोबत न्यायची. फळ्यांसकट, कडीसकट. ज्या दारात पाय ठेवू नको म्हटलं होतं, तेच दार पाहिजे.

निकेश


नवीन आंबेडोह, १० ऑगस्ट २०२५

दादा,

इथे सिमेंटचं घर आहे. दारं आधीच बसवलेली, लोखंडी. आपली चौकट त्यात बसत नाही, रुंदीला कमी पडते. ती समोरच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. बाबा तिच्याजवळ खुर्ची टाकून बसतात. येणारे जाणारे विचारतात, हे दार कशाचं? बाबा म्हणतात, घरचं.

नाण्यांचं सांगतो. हंगाम संपायच्या आधी मी ती वेगवेगळ्या पाहुण्यांजवळ दिली. राजदीप समजावून सांगायचा, हे ठेवू नका, घरी जाऊन खर्च करा, चहा प्या. तिघांनी हो म्हटलं. त्यांतल्या एकाने विचारलं, हे खराब केलेलं नाणं दुकानदार घेईल का? मला ते माहीत नव्हतं. माल्टाचं देऊळ एका तरुण मुलीजवळ दिलं. तिला ती अक्षरं इतकी आवडली की ती म्हणाली, भोक पाडून गळ्यात घालणार. राजदीपने तिला पुन्हा समजावलं. ती हसत होती, फार आनंदात होती. मी तिला नाही म्हणू शकलो नाही. एक ‘ये’ तिच्या गळ्यात आहे.

गव्याचं नाणं बाबांनी कोणालाच देऊ दिलं नाही. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, दे. मी मोटारसायकलवर घेऊन गेलो तेव्हा सगळे पाहुणे निघून गेले होते. ते परत आणलं.

आणि आज तुझं पाकीट आलं. मुखरूभाऊंनी ते जुन्या गावाचा पत्ता असूनही परत जाऊ दिलं नाही, राजदीपच्या हाती पाठवलं. शिक्का दिल्लीचा. ‘मोहर्लि’.

राजदीपने पाकीट बाबांच्याच हातात दिलं. बाबांनी माझ्याकडे दिलं, फाड म्हणाले, पण हळू. जर्मनीचं नाणं आहे, त्यावर पाण्याच्या काठावरची गाण्याची मोठी इमारत, लाटांसारखं छप्पर. मी भिंग आणलं. दोन्ही बाजू पाहिल्या, कड फिरवून पाहिली. बाबा, आई आणि राजदीप माझ्याकडे पाहत होते.

नाणं कोरं होतं. नवंकोरं, फार सुंदर.

म्हणजे तू आहेस. आणि तुला काही कळलेलं नाही. या दोन गोष्टी मी मनात सारख्या म्हणत आहे आणि कोणती आधी म्हणावी ते ठरत नाही.

आई म्हणाली, हे तरी जपून ठेव, हे चांगलं आहे. मी ते प्लास्टिकमध्ये घालत होतो. बाबा उठून आत गेले आणि प्लास्टरची पिशवी घेऊन आले. फार थोडं उरलं आहे. एक-दोन नाण्यांपुरतं होईल.

पावसाळ्यात रिसॉर्ट बंद आहे. ऑक्टोबरात गेट उघडेल तेव्हा दोन्ही नाणी घेऊन जाईन.

कोरताना आज माझा हात हलला. ये-ची मात्रा वर लांब गेली, लाटांच्या छपराच्याही बाहेर, कडेपर्यंत. अशी चूक माझ्याकडून कधी होत नाही. मी ती घासून काढायला लागलो तर बाबांनी माझा हात धरला.

म्हणाले, ‘राहू दे. त्याले समजन.’

निकेश